तयार गाठीचा टाय

सांगलीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात एक लॉज आहे. काउंटरच्या मागं किल्ल्या लटकवायची फळी, त्यावर एक ते बारा नंबरचे खिळे. आणि तेरावा खिळा बिननंबरचा. त्याला किल्ली नसायची. त्याला टाय असायचा!

मरून रंगाचा, पिवळ्या तिरक्या पट्ट्यांचा, आणि गाठ मारून ठेवलेला. नुसता डोक्यातनं घालायचा, गाठ वर सरकवायची, की झाला माणूस इंटरव्ह्यूला तयार. भाडं नाही, काही नाही. फक्त एक अट. काढताना गाठ ढिली करायची ती कानापुरतीच. कानांवरनं टाय निघेल एवढीच. त्यापुढं कुणी बोटभर जरी गाठ खाली ओढली, तरी लॉजचे मॅनेजर असतील तिथनं ओरडायचे, "ए! कानापुरतंच!"

त्या मॅनेजरांबद्दलच सांगायचंय मला. कधीपासून सांगायचंय! पण सुरुवात कुठनं करावी तेच कळत नाही, कारण त्यांचं आधीचं मलाच नीट माहीत नाही. सुरुवातीला मी त्यांना बघितलं ते फक्त बाकावर बसून.

बाक म्हणजे वरच्या मजल्यावर सात नंबरच्या खोलीबाहेरचा बाक. दोन-तीन वर्षांपूर्वीची, पंचाहत्तर-शहात्तर सालची गोष्ट. साबणाच्या, चहाच्या, खताच्या कंपन्यांना आमच्या भागात फिरायला पोरं पाहिजे असायची. पेपरात जाहिरात यायची, विक्री प्रतिनिधी पाहिजेत, अनुभवाची गरज नाही, फिरतीची तयारी हवी. मग मुंबईचा नाहीतर पुण्याचा साहेब यायचा आणि नेमकी ह्या लॉजची सात नंबरची खोली घ्यायचा, कारण टेबल तेवढ्या एकाच खोलीत होतं. आणि आम्ही सातारा-सांगलीकडची बी.कॉम. झालेली पोरं बाहेरच्या लांब बाकावर, कॉल लेटर मांडीवर धरून, ओळीनं बसलेली. मी रहिमतपूरचा. पहाटेची एसटी पकडून यायचो. त्या बाकावर चार वेळा बसलो.

मॅनेजरांना पोरं मामा म्हणायची. पन्नाशीच्या पुढचे, पायजमा, काळी टोपी, आणि बारा महिने कोट. कोटाच्या वरच्या खिशात पांढरा रुमाल. रुमाल कसला, पंचाच तो, खिसा फुगून यायचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, ह्या माणसाला घाम लय येत असणार. पण त्या रुमालानं घाम पुसताना मी त्यांना एकदाही बघितलं नाही. घाम कोटाच्या बाहीनं पुसायचे.

रुमालाचं खरं काम मला त्याच दिवशी कळलं.

मामा पूर्वी हळदीच्या बाजारात होते, एका अडत्याच्या दुकानात. तिथं तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातात हात घालायचे, वर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. शेजारी उभा असलेल्याला पत्ता नाही! मामांनी त्यात वीस वर्षं काढली होती. बाजार सोडून बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या नखांच्या कडा पिवळ्या होत्या. ते म्हणायचे हळदीच्या. मला आपल्या त्या विडीच्या वाटायच्या, पण मी बोललो नाही.

"त्वांड काय बी बोलतंय रं," ते म्हणायचे. "पर हाताला खोटं बोलाय येत न्हाई."

म्हणून ते बाकावरच्या प्रत्येकाला चहा द्यायचे. कपबशीत. आम्हाला वाटायचं काय दिलदार माणूस. तर ते समोर उभे राहून आमचे हात बघायचे! कुणाची बशी वाजते, कोण कप दोन्ही हातांनी धरतो, कोण आधी शेजाऱ्याकडं बशी सरकवतो. पोरांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. हात राहायचे. "त्यो शिरवळचा, डाव्या हातानं कप धरणारा." "त्यो बशीत बोट बुडवणारा." असं.

इंटरव्ह्यू देऊन बाहेर आलं की मामा आधी टाय उतरवून घ्यायचे, कानापुरता ढिला करून. तो पुढच्याच्या गळ्यात घालायचे, "मान वाकव," म्हणून, अगदी हार घालावा तसा. मग आपल्याला जिन्याच्या कोपऱ्यात न्यायचे, हात हातात घ्यायचे, त्याच्यावरनं अंदाज बांधायचे, वर रुमाल टाकायचे आणि निकाल सांगायचे. बोटांनी! एक बोट दाबलं म्हणजे न्हाई. दोन म्हणजे इंग्रजी कच्चं पडलं. तीन म्हणजे वशिला आसंल तर बघ. चार म्हणजे साहेबाचा इचार चाललाय. आणि आख्खा पंजा आवळला म्हणजे झालं काम.

आणि हे रुमालाखाली का? तर बाकावरच्या बाकीच्यांना कळू नये. "एकाचं पडल्यालं त्वांड बघून दुसऱ्याची बशी वाजती," असं त्यांचं म्हणणं.

मला साबणाच्या कंपनीत एक बोट. चहाच्या कंपनीत दोन. खताच्या कंपनीत परत एक. तिन्ही वेळा बरोबर! कंपनीचं "खेदपूर्वक कळवतो" यायला महिना लागायचा, मामांचं दोन मिनिटांत.

सात नंबरमध्ये काय विचारतात हे त्यांना तोंडपाठ होतं. चहा घेऊन दर अर्ध्या तासानं आत जायचे आणि बाहेर येताना दार लावायचे, इतकं हळू, इतकं हळू, की तेवढ्यात एक प्रश्न आणि त्याचं उत्तर ऐकून व्हायचं. मग बाकाच्या टोकाला उभं राहून आमची शिकवणी.

"सोताबद्दल सांगा म्हनला तर गाव, बाप, किती एकर हाय, ह्ये सांगत बसू नगंस. त्येला तुझा ऊस न्यायचा न्हाई."

"फिरतीची तयारी हाय का म्हनला तर लगीच व्हय म्हनू नगंस. आदी इचार, लाइन कुठली, कंच्या गावांची? लाइन इचारणारा गडी निम्मा गाडीत बसल्याला आसतोय."

"दुकानदारानं हाकलून दिलं तर काय करशील म्हनला," आणि इथं मामा थांबायचे, सगळ्यांकडं बघायचे, "तर सांग, भाईर यून चपला घालाय येळ लावीन. भांडायचं न्हाई, इनवायचं न्हाई. नुस्तं पायरीवर चपला घालत ऱ्हायाचं. चपला घालाय येळ लावणाऱ्याला मानूस परत हाक मारतोय."

मी म्हटलं, "मामा, आवं पण इंटरव्ह्यूला बूट घालतात."

"मग नाडी बांध की लेका!"

आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, ज्याला आम्ही सगळे घाबरायचो. साहेब खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, हे मला विक. पोरं पेनाची स्तुती सुरू करायची. सुंदर आहे, टिकाऊ आहे, शाई गळत नाही. मी पण पहिल्यांदा तेच केलं. साहेबांनी घड्याळ बघितलं.

मामा म्हणाले, "पेन कशाला बघतुयास? पेन त्येचंच हाय, त्येला ठावं हाय कसलं हाय त्ये. त्यो मानूस बघ. त्येला इचार, साहेब, तुमची सही कुठं आडलीया?"

केवढं भारी! मी वहीत लिहून ठेवलं. पण मला कळेना, ज्या माणसाला एवढं येतं तो इथं किल्ल्या का देत बसलाय? मला असले प्रश्न पडले की गप्प बसवत नाही. तिसऱ्या वेळी सरळ विचारलं, "मामा, तुमीच का देत नाही इंटरव्ह्यू?"

"गिऱ्हाईक आलं बघ," म्हणाले आणि काउंटरकडं गेले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

अजून एक गोष्ट मी बघून ठेवली होती. इंटरव्ह्यूच्या सकाळी सात नंबरमधली उमेदवाराची खुर्ची ते स्वतः पुसायचे. तिचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घालायचे, दाबून बघायचे, परत घालायचे. पण डुगडुगते का हे बघायला कुणीही काय करेल? बसून बघेल. मामा बसायचे नाहीत. हातानं दाबायचे.

आणि त्याच तिसऱ्या वेळी, चहाचे कप गोळा करताना, मी विचारलं, "मामा, तुमी ज्यांना आख्खा पंजा दिला, त्यांचं झालं का काम?"

ते कप एकात एक घालत होते. थांबले.

"काय म्हाईत?" म्हणाले.

"म्हणजे?"

"पास झाल्याला कशाला येतोय हितं? नापास झाल्यालाच परत बाकावर येतोय. न्हाई म्हनलेलं खरं झाल्यालं दिसतंय मला. व्हय म्हनलेल्याचं काय झालं, कोण सांगणार?"

एवढ्या वर्षांत किती जणांना पंजा दिला, विचारलं. त्यांनी बोटांवर मोजलं, मग म्हणाले, "अकरा." आणि अकराही जणांचे हात सांगितले. कोण कुठला, कप कसा धरायचा. त्यात तो शिरवळचा डावराही होता. नाव एकाचंही नाही.

आता चौथ्या वेळचं. बिस्किटांची कंपनी.

घरनं निघताना वडिलांनी अंगणात गाठलं होतं. "ह्यो शेवटचा बरं का. सा म्हैनं झालं एसटीला पैसं घालतुयास. न्हाई झालं तर सोमवारपास्नं कारखान्यावर काट्यावर बसायचं. चुलत्यानं शब्द टाकलाय."

काट्यावर म्हणजे ऊस भरून आलेल्या गाड्या तोलायच्या आणि आकडा लिहायचा. नोकरी वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पण गाड्या येणार, गाड्या जाणार, आणि मी तिथंच! थोरला भाऊ मिलिटरीत, त्याची पत्रं कुठनं कुठनं यायची. मी सातारा आणि सांगली सोडून काही बघितलं नव्हतं. स्टँडवर बसलो की गाड्यांच्या पाट्या वाचायचो, जत, विटा, आटपाडी, म्हसवड. ह्या गावांत दुकानं कशी असतील, माणसं काय खात असतील, मला बघायचं होतं. एवढंच. दुसरं काही मला येतही नव्हतं, टायपिंग सोडून.

त्या दिवशी बाकावर तेरा जण. माझा नंबर आठवा. नववा मलकापूरचा पोरगा, माझ्याच शेजारी बसलेला, कॉल लेटरची घडी करत आणि उलगडत. मामांनी चहाबरोबर बिस्किटं ठेवली होती, अर्थातच त्याच कंपनीची. "दुसऱ्या कंपनीचं बिस्कीट दिसलं तर साहेबाचं निम्मं ध्यान बशीत," असं त्यांचं शास्त्र.

सातवा बाहेर आला. मामांनी त्याचा टाय उतरवून माझ्या गळ्यात घातला, गाठ वर सरकवली आणि ट्रे घेऊन खाली गेले. आतनं लगेच हाक आली नाही. साहेब फोनवर बोलत असावेत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एप्रिलचं ऊन, पॅसेजला पंखा नाही, सात जणांच्या घामानं तो टाय आधीच ओला. मला श्वास घेता येईना. म्हटलं जरा सैल करू. गाठ खाली ओढली. बरं वाटलं. अजून थोडी ओढली. अजून थोडी.

आणि टायचं मागचं बारकं टोक गाठीतनं सुटून बाहेर आलं!

माझ्या एका हातात टोक आणि दुसऱ्या हातात मोकळी गाठ. घाईनं टोक परत आत घालायला गेलो, तर गाठच सुटली. समोर नुसती सरळ लांब पट्टी.

मग मलकापूरचा एकदम म्हणाला, "आरं, आता माझं काय?"

"कुणाला येते का रे गाठ?" मी विचारलं.

उरलेले सहा पदवीधर! एकालाही येईना. एकानं गुराचं दावं बांधतात तशी मारून बघितली, ती दिसायलाही दाव्यासारखीच दिसली. एक जण म्हणाला मी एन.सी.सी.त होतो, आण इकडं, आणि त्यानं बुटाच्या नाडीसारखं फूल केलं. मलकापूरचा रडायच्या बेतात. "ठेवा खाली! आजून चुरगाळंल!"

तेवढ्यात मामा वर आले. हातात ट्रे. त्यांनी बघितलं. मला वाटलं आता हे ओरडणार, कानापुरतंच म्हणून. ओरडले नाहीत. ट्रे खाली ठेवला, टाय दोन्ही हातांवर घेतला आणि उजेडाकडं धरला. त्याच्यावर गाठीच्या घड्या उमटलेल्या होत्या ना, इतक्या वर्षांच्या, त्या बघत होते. घडीवरनं घडी घालून परत तीच गाठ येते का. एक घडी जमली. दुसरी जमली. तिसरीला कापड कुठनं आत जातं तेच त्यांना कळेना. त्यांची बोटं त्या घडीपाशीच अडली. दुसऱ्यांचे हात वाचणाऱ्या माणसाचा हात मी पहिल्यांदाच असा बघितला.

"मामा, चुकलं माझं," मी म्हटलं.

"एका साहेबानं सोता बांदली हुती," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता. "चार वर्सांमागं. एका पोराच्या गळ्यात. जाताना त्येलाच दिऊन गेला, त्यो पोरगा म्हनला ऱ्हाऊ द्या हितं, पुढच्याला हुईल. तवापास्नं सुटल्याली न्हवती."

आतनं हाक आली. नंबर आठ.

मामा म्हणाले, "जा. तसाच जा. आन खोटं बोलू नगंस. खोटं बोललास की तुझा हात कापतोय."

आत एकच साहेब. जाडसर, चष्मा, स्वतःचा निळा टाय. मी बसलो. खुर्ची डुगडुगली नाही. साहेबांनी माझ्या गळ्याकडं बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"तुमचा टाय कुठाय?"

"नाही साहेब."

"नाही कसा? सकाळपासून सात जण आले. सातही जणांना मरून टाय, पिवळे पट्टे. मला वाटलं इथल्या कॉलेजचा युनिफॉर्म आहे!"

म्हणजे त्यांच्या लक्षात आलं होतं! मामांचा ठाम सिद्धांत होता, साहेब लोक टाय हाय का न्हाई येवढंच बघत्यात, कुठला हाय ते न्हाई. एखादी थाप सुचत होती, पण माझा हात गुडघ्यावर होता, आणि तो कापायला लागल्याचं मला दिसलं. मग मी सगळं सांगून टाकलं. तेरावा खिळा, कानापुरतं, माझं ओढणं, सगळं. भरभर बोलायची सवयच आहे मला.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "आणा तो. आणि मॅनेजरना पण बोलवा."

मामा टाय घेऊन आले. खोलीत तिसरी खुर्ची नव्हती, म्हणून साहेब मला म्हणाले, "तुम्ही उठा जरा. मॅनेजर, बसा."

मी उठलो. मामा त्या खुर्चीकडं बघत राहिले. "न्हाई साहेब. उभाच बरा हाय."

साहेबांनी टाय टेबलावर पसरला, मला म्हणाले, "हं. पेनबिन राहू दे. हा टाय मला विका."

आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "हा विकायचा नाही, साहेब."

"सेल्समन व्हायला आलात ना?"

"हो साहेब."

"आणि पहिलंच वाक्य, विकायचा नाही?"

मी मामांकडं बघितलं. मामा जमिनीकडं बघत होते. मला त्यांचं वाक्य आठवलं, माणूस बघ. साहेबांकडं बघितलं. टेबलावर आमच्या अर्जांची थप्पी, सात बाजूला केलेले, सहा शिल्लक. आणि जेवायची वेळ होत आलेली.

"साहेब, तुम्हाला टाय आहे," मी म्हटलं. "तुम्हाला दुसरा कशाला? तुम्हाला पाहिजे माणूस. बाहेर अजून पाच जण बसलेत, आणि टाय सुटल्यापासून त्यांचं ध्यान फक्त गळ्यावर आहे. ते आत येतील आणि तुम्ही काय विचारताय ते त्यांना ऐकूच यायचं नाही. तुमचा वेळ फुकट. तर तुम्ही ह्याला गाठ मारून द्या. दोन मिनिटांचं काम. मग पाच माणसं नीट बघायला मिळतील तुम्हाला."

मला वाटलं, चला, सोमवारी काट्यावर.

साहेबांनी चष्मा काढला. टाय उचलला. मला समोर उभं केलं आणि माझ्या गळ्यात बांधायला लागले. जमेना. परत केलं. जमेना. "दुसऱ्याला बांधायची सवय नाही हो," म्हणाले. मग आरशासमोर गेले, स्वतःच्या निळ्या टायवरच तो मरून टाय गुंडाळला आणि झरझर गाठ मारली. दोन टाय घातलेला मुंबईचा साहेब! मी ओठ चावून उभा. मग त्यांनी तो काढायला गाठ खाली ओढली, आणि मामा, इतका वेळ जमिनीकडं बघणारे मामा, सात नंबरच्या खोलीत केवढ्यानं ओरडले,

"ए! कानापुरतंच!"

साहेबांचा हात जागच्या जागी थांबला. मग अगदी सावकाश, कानापुरताच सैल करून, त्यांनी टाय डोक्यातनं काढला आणि दोन्ही हातांनी मामांना दिला.

पुढं नेहमीचे प्रश्न झाले. फिरतीची तयारी आहे का म्हणाले, मी लाइन कुठली विचारलं. दुकानदारानं हाकललं तर म्हणाले, मी चपलांचं सांगितलं. ते काहीतरी लिहीत होते, चांगलं की वाईट ते उलट्या बाजूनं वाचता येईना.

बाहेर आलो तेव्हा मलकापूरचा टाय घालून उभाच होता, मान ताठ, जणू मान हलली तरी गाठ सुटेल. तो आत गेला. मामांनी मला कोपऱ्यात नेलं, हात धरला, वर रुमाल टाकला.

मी वाट बघितली. एक नाही, दोन नाही. काहीच नाही. नुसता हात धरून ठेवलेला.

"काय मामा?"

"कळंना," ते म्हणाले. "तुझाच हात वाचू का माझा, ह्येच कळंना आज."

मग मी विचारलं, "साहेब बसा म्हणाले तर बसला का नाही?"

त्यांनी रुमालाची घडी घातली. हळूहळू, चार पदरी.

"बसलो आन इचारलं काय तर? सगळं येतंय मला. लाइन, दुकानदार, पेन. पर पयला प्रश्न शिक्षण किती, ह्योच आसतोय. त्येवढ्याचंच उत्तर न्हाई माज्याकडं."

एसटीत बसलो तरी तेच ऐकू येत होतं.

सोमवारी काट्यावर बसलो. गाड्या येत होत्या, गाड्या जात होत्या. तिसऱ्या आठवड्यात पोस्टमन कारखान्यावरच आला, कारण घरच्यांनी त्याला तिकडं पिटाळलं होतं. पाकीट फोडलं. दोनदा वाचलं. "खेदपूर्वक" कुठंच नव्हतं!

वडिलांना सांगितलं, चुलत्यांना सांगितलं, भावाला पत्र टाकलं. आणि पुढच्या रविवारी, कॉल लेटर नसताना, इंटरव्ह्यू नसताना, सांगलीची एसटी पकडली.

मामा काउंटरवर होते. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "परत? आज तर कुठली कंपनी न्हाई."

खिशातनं माझा रुमाल काढला, छोटाच होता, काउंटरवर त्यांचा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला. आणि आख्खा पंजा आवळला. जोरात!

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. डोळे त्या रुमालावर, जणू खालचा भाव रुमालावर उमटणार आहे. किती तरी वेळ हात सोडला नाही. मग त्यांनी एक बोट दाबलं. एकच.

"न्हाई? काय न्हाई मामा?"

"आता परत त्या बाकावर बसायचं न्हाई."

चहा दिला. मी कप कसा धरलाय ते बघितलं. मी निघालो. दारात पायरीवर बसून बुटाची नाडी बांधायला लागलो. बांधली, सोडली, परत बांधली. मला घाई नव्हती, आणि मला माहीत होतं.

"ए गड्या," आतनं हाक आलीच. "मलकापूरच्याचं काय झालं रं? चार दाबली हुती मी."

मला माहीत नव्हतं. पण माझ्या पहिल्याच लाइनमध्ये कऱ्हाड होतं, आणि कऱ्हाडला लागूनच मलकापूर. विचारून येतो म्हटलं. पुढच्या फेरीला बातमी दिली, पंपाच्या कंपनीत लागलाय, मजेत आहे. मामांनी मान डोलावली, इतकी गंभीर, जणू बाजारात मोठा सौदा झालाय. आणि मग म्हणाले, "आन त्यो कोरेगावचा? बशीत बोट बुडवणारा?"

तेव्हापासून दर फेरीला हेच चाललंय. मी दुकानात बिस्किटांची ऑर्डर घेतो आणि विचारतो, इथं दुसऱ्या कंपनीचा कोण येतो हो, चहा दिला तर कप कसा धरतो? दुकानदार माझ्याकडं बघतच राहतात. पंजा दिलेल्या अकरापैकी नऊ सापडलेत. आठ नोकरीत आहेत, एकानं सोडून किराणा दुकान काढलंय. एक आटपाडीकडं असल्याचं ऐकलंय, पुढच्या महिन्यात जातोच आहे.

राहिला तो शिरवळचा. मी शिरवळची एकूण एक दुकानं पालथी घातली. मामा दर वेळी मला आधी त्याचंच विचारतात. नाव माहीत नाही. डाव्या हातानं कप धरतो, एवढंच.